एक्कावन्नाव्या चादरीला नक्षी बेवारस होते

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

मी सोलापूरच्या पूर्व भागात राहतो आणि १९८६ पासून चादरी-टॉवेलांची नक्षी काढतो. कारखान्यांत आम्हा लोकांना ‘डिझाइन मास्तर’ म्हणतात. घरात तेलुगू, बाजारात मराठी आणि टेबलावर ग्राफ पेपर, यात उभे आयुष्य गेले. मात्र आपल्याच नक्षीवर आपला हक्क किती आणि तो कधी संपतो, हे मला दोन वर्षांपूर्वी कळले, तेही नक्षी चोरीला गेल्यावर. माझ्यासारख्या आणखी कोणाला ते इतक्या उशिरा कळू नये म्हणून हे पत्र लिहितो आहे. पत्र लांबले आहे, तरी जागा द्यावी ही विनंती.

आधी काम काय असते ते सांगतो. ग्राफ पेपरवरचे एक घर म्हणजे उभ्या आणि आडव्या धाग्याची एक भेट. घर भरले की त्या जागी उभा धागा वर उचलायचा, रिकामे ठेवले की खाली राहू द्यायचा. तांबड्या रंगात बुडवलेला बारीक ब्रश घेऊन एकेक घर भरत जायचे. ग्राफ पुरा झाला की ओळीओळीने कार्डांना भोके पाडायची, त्याला आम्ही पंचिंग म्हणतो. कार्डांची माळ जॅकार्डवर, म्हणजे मागावर उभे धागे उचलणाऱ्या यंत्रावर, चढली आणि माग सुरू झाला की मोर, कमळ, वेलबुट्टी कापडावर उमटू लागते. सोलापुरी चादर दुपदरी असते. एका बाजूला मोर तांबडा आणि जमीन पांढरी असेल, तर चादर उलटल्यावर मोर पांढरा आणि जमीन तांबडी दिसते. म्हणजे नक्षी दोन्ही बाजूंनी चांगली दिसली पाहिजे, एक बाजू झाकता येत नाही. मोठ्या चादरीचा ग्राफ पूर्वी दोन-दोन महिने चालायचा. आता कार्डांच्या जागी बहुतेक ठिकाणी कॉम्प्युटरची फाइल आली, इलेक्ट्रॉनिक जॅकार्ड आले. माझी मुलगी ते काम करते. मी हाताने काढतो, ती स्कॅन करून घरे पक्की करते.

तीन वर्षांपूर्वी आम्ही दोघांनी मिळून एक मोराची चादर केली. कोणी सांगितली नव्हती, माझ्या मनातली होती. मोर पंख मिटून मागे वळून बघतोय आणि त्याच्या पिसाऱ्यातूनच काठाची वेल निघते, अशी मांडणी. सात आठवडे लागले. एमआयडीसीतल्या एका कारखानदारांना ती आवडली, त्यांनी कराराचा कागद न करता, जुन्या ओळखीवर, ठरलेली रक्कम दिली आणि विणायला घेतली. पहिली चादर मागावरून उतरली तेव्हा मला माझी चूक दिसली. मानेखालच्या तिसऱ्या पिसाच्या टोकाला चार घरे भरायची होती, मी तीनच भरली होती. त्यामुळे ते टोक बाकीच्या पिसांसारखे गोल न येता तिरके, तुटल्यासारखे आले होते. मी म्हणालो, थांबा, दुरुस्त करू. मालक म्हणाले, “राहू द्या मास्तर, कोणाला दिसतंय!” राहिले तसेच.

दिवाळीच्या आधी मालकांनी त्या चादरीचे फोटो आणि दोन नमुने बाहेरगावच्या व्यापाऱ्यांना पाठवले. जानेवारीत सिद्धेश्वरांच्या यात्रेत मी नातवाला घेऊन होम मैदानावर गड्ड्याला, म्हणजे यात्रेच्या बाजाराला, गेलो होतो. पाळण्यापासून थोडे पुढे चादरींचा एक ठेला होता. तिथे माझा मोर टांगलेला होता. सूत भरड, रंग कच्चा वाटणारा, भाव आमच्या चादरीपेक्षा दीडशे रुपयांनी कमी. पहिल्यांदा वाटले, मोर तर सगळेच काढतात, आपल्याला उगाच भास होतोय. मग मी ठेलेवाल्याला चादर खाली काढायला लावली आणि मानेखालचे तिसरे पीस बोटाने शोधले. तीनच घरे. चादर उलटली. उलट बाजूलाही तीनच. मी केलेली चूक त्यांनी घराघराने उचलली होती. नातू म्हणाला, “आजोबा, ही आपली चादर इथं कशी आली?” त्याला काय सांगावे ते मला सुचले नाही. मी ती चादर विकत घेतली, ती आजही माझ्याकडे आहे.

चोरी पूर्वीही व्हायची. पण तेव्हा चोरणाऱ्यालाही भिंग लावून धागे मोजत, नवा ग्राफ काढत महिना-दीड महिना बसावे लागे. तोवर मूळ कारखानदाराचा हंगाम निघून जायचा. आता फोनवरचा फोटो किंवा एक नमुना हाती आला की काही दिवसांत फाइल तयार होते. आमच्या मालकांनी फेब्रुवारीत ती चादर बंद केली. त्या नक्षीवर चाललेल्या मागांना दुसरे काम मिळेपर्यंत कामगारांचे आठ-दहा दिवस रिकामे गेले. नक्षीचोरीचा विषय निघाला की हे आठ-दहा दिवस कोणी मोजत नाही.

माझ्याकडे एक प्रमाणपत्र होते. एका एजंटाच्या सांगण्यावरून मी त्या मोराच्या चित्राची कॉपीराइट नोंदणी केली होती, पैसे भरून, काचेत बसवून भिंतीला लावली होती. ते घेऊन मी पोलीस ठाण्यात गेलो. तिथल्या अधिकाऱ्यांनी ऐकून घेतले आणि कोर्टात जायला सांगितले. मग एका वकिलांकडे गेलो. त्यांनी कॉपीराइट कायदा, १९५७ काढला आणि कलम १५ चे दुसरे पोटकलम वाचून दाखवले. मी त्यांना दोनदा वाचायला लावले. त्याचा अर्थ असा: जी नक्षी डिझाइन कायद्याखाली नोंदवता आली असती पण नोंदवली नाही, ती लावलेली वस्तू कॉपीराइटच्या मालकाने किंवा त्याच्या परवानगीने दुसऱ्या कोणी औद्योगिक पद्धतीने पन्नासपेक्षा जास्त वेळा तयार केली की त्या नक्षीवरचा कॉपीराइट संपतो. आमच्या मालकांनी चारशे चादरी विणल्या होत्या. म्हणजे एक्कावन्नावी चादर मागावरून उतरली त्याच दिवशी माझा मोर बेवारस झाला होता, आणि वकिलांकडे जाईपर्यंत मला ते ठाऊकही नव्हते.

हाच मोर मी कॅलेंडरवर छापायला दिला असता, तर? लाख प्रती निघाल्या असत्या तरी माझा हक्क मी जिवंत असेपर्यंत आणि माझ्यानंतर ६० वर्षे टिकला असता. त्यासाठी नोंदणीचीही सक्ती नाही, चित्र काढले की हक्क आपोआप येतो. कोणी चोरले असते तर कलम ६३ खाली सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड. हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे. म्हणजे पोलिसांना ‘कोर्टात जा’ म्हणता येत नाही. कलम ६२ मुळे दावाही आपण राहतो त्या जिल्ह्याच्या न्यायालयात, इथे सोलापुरात लावता येतो. दिवाणी, फौजदारी, दोन्ही दारे उघडी. आणि चित्रकाराने चित्र विकून टाकले तरी कलम ५७ खाली त्याचे नाव आणि कलाकृतीचा मान त्याच्याकडेच राहतो. दिल्लीच्या विज्ञान भवनात शिल्पकार अमरनाथ सहगल यांचे ब्राँझचे मोठे भित्तिशिल्प होते. सरकारने ते काढून टाकले, त्यात त्याची नासधूस झाली. दिल्ली उच्च न्यायालयाने २००५ मध्ये ते शिल्प त्यांना परत द्यायला आणि ५ लाख रुपये भरपाई द्यायला सरकारला सांगितले. तो निकाल वाचताना मला फार बरे वाटले होते. पण तोच हात, तोच मोर, तीच सात आठवड्यांची मेहनत कागदावरून कापडावर उतरली की हे सगळे संरक्षण पन्नास नगांत गळून पडते.

कापडाच्या नक्षीचा असाच वाद दिल्ली उच्च न्यायालयात गेला होता. मायक्रोफायबर्स नावाच्या कंपनीने सोफ्याच्या कापडावरच्या आपल्या नक्षीसाठी कॉपीराइटचा दावा केला होता. २००९ मध्ये खंडपीठाने सांगितले की, ही नक्षी कापडासाठीच काढलेली आहे, म्हणून ती डिझाइन ठरते आणि नोंदणी नसेल तर कॉपीराइट मागता येत नाही. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने क्रायोगॅस प्रकरणात शुद्ध कलाकृती कोणती आणि उद्योगासाठीचे डिझाइन कोणते, हे ठरवण्याच्या कसोट्या घालून दिल्या. पण पन्नासची रेघ कायद्यात जिथे होती तिथेच आहे. फॅशन डिझायनर एका पोशाखाचे वीस नग शिवतो, तेव्हा त्याच्या रेखाटनाचा कॉपीराइट शाबूत राहतो, कारण त्याने पन्नासचा आकडा ओलांडलेला नसतो. चादर मात्र घराघरात जावी म्हणूनच विणतात. चार मागांवर पन्नास चादरी व्हायला किती वेळ लागतो, ते पूर्व भागात कोणालाही विचारा. थोड्या लोकांना परवडणारी वस्तू काढणाऱ्याचा हक्क टिकतो आणि सगळ्यांना परवडणारी काढणाऱ्याचा जातो, हे मला मान्य करता येत नाही.

काही जण म्हणतील, सोलापुरी चादरीला आणि टेरी टॉवेलला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे, मग चिंता कसली? मानांकन मिळाले याचा मलाही अभिमान आहे. पण ते ‘सोलापुरी चादर’ या नावाचे रक्षण करते. परगावी विणलेली चादर सोलापुरी म्हणून विकली तर त्याला हरकत घेता येते. सोलापुरातल्याच एका कारखान्याने दुसऱ्याची नक्षी उचलली तर मानांकनाचा काही उपयोग नाही. दोन्ही चादरी सोलापुरीच! गड्ड्यातली ती चादर कुठे विणली हे मला शेवटपर्यंत कळले नाही, आणि ती आपल्याच गावात विणलेली निघाली असती तर मला जास्त वाईट वाटले असते.

मग मार्ग काय? मार्ग आहे, आणि तो फार महागही नाही, हेच मला ठळकपणे सांगायचे आहे. डिझाइन कायदा, २००० खाली नक्षीची नोंदणी करता येते. हे काम कॉपीराइट कार्यालयाचे नाही, कोलकात्याच्या पेटंट कार्यालयातल्या डिझाइन विभागाचे आहे. अर्ज ऑनलाइन करता येतो. एका व्यक्तीला एका अर्जासाठी सरकारी शुल्क १,००० रुपये. हक्क १० वर्षांचा, पुढे पैसे भरून आणखी ५ वर्षे. पण एक अट आहे आणि तिथेच आमचे सगळे लोक अडकतात: नक्षी नवीन पाहिजे, म्हणजे अर्ज करण्याआधी ती कुठेही जाहीर झालेली नसावी. व्यापाऱ्याला नमुना दाखवला, व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर फोटो टाकला, प्रदर्शनात चादर टांगली आणि मग अर्ज केला, तर ती नक्षी कायद्याच्या दृष्टीने जुनी झाली. प्रदर्शनासाठी कलम २१ मध्ये थोडी सवलत आहे, पण त्याला ते प्रदर्शन सरकारने अधिसूचित केलेले लागते, आधी कळवावे लागते आणि सहा महिन्यांत अर्ज करावा लागतो. आपल्याकडची रीत नेमकी उलटी आहे. आधी बाजाराला दाखवायचे, ऑर्डर येते का बघायचे आणि माल चालला तरच कागदपत्रांचा विचार करायचा. चालली की चोरी होते, आणि तोवर नोंदणीची वेळ गेलेली असते. माझ्या मोराचे हेच झाले. काचेतले प्रमाणपत्र मी भिंतीवरून काढून कपाटात ठेवले आहे.

दुसरी गोष्ट कारखानदारांसाठी. डिझाइन कायद्यात, मोबदला घेऊन दुसऱ्यासाठी काढलेल्या नक्षीचा मालक तो दुसराच ठरतो. म्हणजे तुम्ही पैसे देऊन सांगून काढून घेतलेली नक्षी मी नोंदवू शकत नाही, ती तुम्हीच नोंदवायला पाहिजे. तुम्ही नोंदवली नाही तर ती तुमचीही राहत नाही आणि माझीही. एका हंगामात तुम्ही किती नव्या नक्षी काढता ते मला माहीत आहे, कारण त्यातल्या बऱ्याच मी काढतो. सगळ्या नोंदवा असे म्हणत नाही. ज्या दोन-तीन नक्षींवर तुमचा हंगाम उभा आहे, तेवढ्या तरी व्यापाऱ्याला दाखवण्याआधी नोंदवा. आणि डिझायनरशी दोन ओळींचा का होईना, करार करा: नक्षी कोणाची, किती वर्षांसाठी, टॉवेलवर आणि पडद्यावर वापरली तर वेगळे काय. माझ्या मोराच्या वेळी असा कागद असता, तर निदान नोंदणी कोणी करायची याची आठवण दोघांपैकी एकाला झाली असती. मालक माणूस चांगला आहे, आजही मी त्यांच्याकडे काम करतो. पण चांगुलपणावर चाललेल्या व्यवहारात ही आठवण कोणालाच झाली नाही.

नोंदणी केली तरी लढाई सोपी नाही, हेही सांगतो. नोंदवलेल्या डिझाइनची चोरी हा फौजदारी गुन्हा नाही, पोलीस त्यात येत नाहीत. कलम २२ खाली प्रत्येक उल्लंघनाला जास्तीत जास्त २५ हजार आणि एका डिझाइनमागे एकूण जास्तीत जास्त ५० हजार रुपये मागता येतात. २००० साली ठरलेली ही रक्कम आहे. नाहीतर नुकसानभरपाई आणि मनाई हुकमासाठी जिल्हा न्यायालयात दावा लावायचा. समोरच्याने ‘ही नक्षी नवीन नव्हतीच’ असा बचाव घेतला की दावा उच्च न्यायालयात जातो. आमच्यासाठी उच्च न्यायालय म्हणजे मुंबई होती, एका तारखेला दोन दिवस आणि दोन दिवसांची मजुरी. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच, म्हणजे फिरते खंडपीठ, सुरू झाले आणि सोलापूर जिल्हा त्यात आहे, हा मोठाच दिलासा आहे.

आता एक हरकत, जी माझ्याच समाजातले, माझ्याच वयाचे लोक घेतात. ते म्हणतात, “मोर कुणाचा रे? कोयरी कुणाची? आपण सगळे एकमेकांचं बघूनच शिकलो.” खरे आहे. मीही माझ्या गुरूंनी दिलेल्या जुन्या चादरी भिंगाखाली धरून, धागा धागा मोजून शिकलो. जुनी गिरणी बंद पडल्यावर तिथल्या लोकांकडून मिळालेले ग्राफ मी अजून जपून ठेवले आहेत. मोर, कमळ, कोयरी, चौकडा यांवर कोणाचीही मालकी नाही आणि नसावी. कायदाही ती देत नाही, कारण जुन्याला नोंदणी मिळत नाही. पण मोर मागे वळून कसा बघतो, त्याच्या पिसाऱ्यातून काठ कसा निघतो, ही मांडणी शोधायला एका माणसाचे सात आठवडे गेलेले असतात. बघून शिकणारा पुढे आपला मोर काढतो. जो तिसऱ्या पिसाची तीन घरेसुद्धा तशीच ठेवतो, त्याने काढले काहीच नाही, त्याने फक्त उचलले. शिकणाऱ्याला मी आजही माझे ग्राफ उघडून दाखवतो, कोणीही घरी यावे.

युरोपियन संघात नोंदणी न केलेल्या डिझाइनलाही ते तिथे पहिल्यांदा लोकांसमोर आल्यापासून ३ वर्षे नकलेपासून संरक्षण मिळते. कापड, कपडे यांसारख्या धंद्यात दर हंगामाला नक्षी बदलते, प्रत्येकीची नोंदणी करत बसणे परवडत नाही, हे तिथल्या कायद्याने ओळखले. सोलापूरचा टेरी टॉवेल परदेशात जातो, मग तिथल्या कायद्यातली ही एक गोष्ट इकडे यायला काय हरकत आहे? तीन वर्षे नकोत, निदान एक हंगाम, एक वर्ष तरी नोंदणीविना संरक्षण द्या. पन्नासचा आकडा कोणत्या काळात, कोणत्या यंत्राकडे बघून ठरला असेल तो असो, आजच्या मागाला तो लागू करणे म्हणजे यंत्रमागावरच्या नक्षीकाराला दाराबाहेर ठेवणे आहे. आमच्या खासदारांनी हा प्रश्न संसदेत विचारावा. सोलापूर, भिवंडी, इचलकरंजी, मालेगाव, सगळ्या यंत्रमागाच्या गावांचा हा प्रश्न आहे.

तोवर गावातच करता येण्यासारखे एक काम आहे. यंत्रमागधारकांच्या संघटनांनी आठवड्यातून एक दिवस डिझाइन नोंदणीचा अर्ज भरून देणारा एक जाणकार माणूस बसवावा. फोटो कसे काढायचे, नक्षीत नवीन काय आहे ते चार ओळींत कसे लिहायचे, एवढेच तर शिकवायचे आहे. कॉपीराइटचे प्रमाणपत्र देतो म्हणून चादरवाल्यांकडून पैसे घेणाऱ्या एजंटांना विचारा की, साहेब, एक्कावन्नाव्या चादरीनंतर याचे काय होते? माझी मुलगी मराठी आणि तेलुगू, दोन्ही भाषांत हे समजावून सांगायला तयार आहे, पैसे न घेता.

तिने यंदा स्वतः एक नक्षी केली आहे. माझा हात त्यात कुठेही नाही. मालकांनी दोनदा विचारले, व्यापाऱ्यांचे फोन येऊन गेले, फोटो तरी पाठवा म्हणून. आम्ही अजून कोणाला दाखवलेली नाही. अर्जाला लावायचे फोटो परवा रात्री काढून झाले, चादर जमिनीवर अंथरून, सुलट एकदा आणि उलट एकदा. मानेखालची सगळी घरे मी भिंग लावून मोजली. अर्ज क्रमांक हातात आला की पहिली चादर मालकांच्या टेबलावर ठेवू.

आपला,
एक डिझाइन मास्तर,
पूर्व भाग, सोलापूर
(नाव व पत्ता आपल्याकडे दिला आहे, तो छापू नये ही विनंती.)